डबा पोचतो, पुढचं काय?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पिढीचं शिक्षण एसटीनं येणाऱ्या डब्यावर झालं. पहाटे भाकरी थापायच्या, डबा फडक्यात बांधायचा आणि फाट्यावर थांबून तो कंडक्टरच्या हवाली करायचा. तालुक्याच्या स्टँडवर पोरगा गाडीची वाट बघत उभा. रिकामा डबा संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं गावात परत. कॉलेजात काय शिकवतात हे घराला ठाऊक नसायचं. पण डबा चुकता कामा नये, हे पक्कं ठाऊक असायचं.

त्या डब्याचं मोल आजही आहे. पण पहिल्या वर्षाला अडखळणारी मुलं आता फक्त पोटामुळे अडखळत नाहीत. ती कागदात अडकतात, पहिल्या निकालानं खचतात, वर्गात एकटी पडतात, आणि काय कुणाला विचारायचं हेच न कळल्यानं गप्प बसतात. घरी विचारावं तर उत्तर ठरलेलं : ‘आम्हाला त्यातलं काय कळतंय? तू शिकलेला, तुझं तू बघ.’ बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर हे वाक्य काही नवं नाही. त्यात प्रेमही असतं, संकोचही. पण ते खरं नाही. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या आईबापालाही मुलाला कॉलेजात टिकवता येतं. त्यासाठी अभ्यासक्रम कळावा लागत नाही. पहिल्या वर्षात खाचखळगे कुठं आहेत, ते कळावं लागतं.

कॉलेज दारात आलं

बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झालं. त्याआधी मॅट्रिकच्या पुढं शिकायचं म्हणजे पुण्याची वाट धरायची. १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं; पुढं त्याच्या विद्यानगरीत इंजिनिअरिंगपर्यंतचे अभ्यासक्रम आले. शारदानगरला मुलींचं महाविद्यालय, माळेगाव आणि सोमेश्वरनगरला साखर कारखान्यांच्या परिसरात कॉलेजं, इंदापुरात कला, विज्ञान, वाणिज्य. २०१९ मध्ये बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं बागायती गाव असो, सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा असो, की उजनीच्या फुगवट्याकाठचं इंदापूर तालुक्यातलं गाव; आज मुलगी सकाळची एसटी धरून कॉलेजला जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते.

तरीही केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार महाराष्ट्राचं उच्च शिक्षणातलं ढोबळ नोंदणी प्रमाण ३५.३ टक्के होतं. देशाचं २८.४. म्हणजे आपण देशाच्या पुढं आहोत, पण १८ ते २३ वयाच्या मुलांची संख्या बघता अजून बरीच मुलं कॉलेजबाहेर आहेत. जी आत येतात, त्यांतली कित्येक त्यांच्या घरातली पहिलीच. त्यांच्यासाठी कॉलेज वीस किलोमीटरवर असलं, तरी घराच्या ओळखीचं नसतं. भावकीत कुणी वकील, कुणी मास्तर असेल तर ठीक, नाहीतर सगळंच नव्यानं.

आधी वसतिगृह, मग कॉलेज

ही अडचण महाराष्ट्रात फार आधी एका माणसानं ओळखली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली १९१९ साली. साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं १९२४ मध्ये, आणि संस्थेचं पहिलं कॉलेज, छत्रपती शिवाजी कॉलेज, उभं राहिलं १९४७ साली. हा क्रम बघण्यासारखा आहे. खेड्यातल्या पोराला वर्ग मिळायच्या आधी राहायला जागा, जेवायला ताट आणि सोबतीला माणसं लागतात, हे भाऊरावांना पक्कं कळलं होतं. बोर्डिंगातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांच्या पुढाकारातून विद्यार्थी सहायक समिती उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना राहण्या-जेवणाची सोय आणि जोडीला कमवा-शिकाची वाट, असं तिचं काम आजही चालू आहे.

या दोन्ही ठिकाणी संस्थेनं घराची जागा घेतली, कारण घर लांब होतं. आज इंदापूरच्या मुलाचं घर फोनच्या अंतरावर आहे. त्यामुळे थोडी जबाबदारी परत घराकडं आली आहे.

पहिला खड्डा : कागद

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला येते, बेलवाडीला पहिलं गोल रिंगण होतं, मग निमगाव केतकीवरून ती इंदापुरात मुक्कामाला जाते. साधारण त्याच दिवसांत घरोघरी प्रवेशाची धावपळ चालू असते. तहसील कचेरी, सेतू आणि झेरॉक्सच्या दुकानापुढं रांगा लागतात.

इथं घरानं एक गोष्ट लक्षात ठेवायची : कागद हे मुलाचं काम नाही, घराचं आहे. उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या नावानं निघतो, सातबारा आजोबांच्या नावावर असतो, जातीच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी चुलत्याच्या ट्रंकेत असतात. नॉन क्रिमीलेअरची मुदत संपते ती बहुधा मार्चअखेर, आणि लक्षात येतं ते जुलैत. जात पडताळणीचा अर्ज तर बारावीत असतानाच करायचा असतो. पुण्याच्या समितीकडून प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, आणि राखीव जागेवरचा प्रवेश त्यावर अडतो. एक प्लास्टिकची फाईल, त्यात प्रत्येक दाखल्याच्या चार प्रती, आणि आतल्या बाजूला प्रत्येकाची मुदत लिहिलेला कागद. एवढं काम दहावी न झालेला बापही करू शकतो, आणि ते पोराच्या अभ्यासाइतकंच मोलाचं आहे.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरावे लागतात. अर्ज भरला म्हणजे काम झालं, असा समज असतो. तो चुकीचा. अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर तपासला जातो, मग संबंधित खात्याकडं जातो. काही उणं असेल तर दुरुस्तीसाठी परत पाठवला जातो आणि तशी सूचना विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये येते. लॉगिन उघडलंच नाही तर मुदत उलटून जाते. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात, म्हणून बँकेत जाऊन ती जोडणी आधीच बघायची. आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं, हे तर हमखास विसरलं जातं.

कोणाला काय लागू आहे, हेही घरानं विचारून घ्यावं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५पासून पूर्ण माफ आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना, आणि आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना. अटी बदलत राहतात. म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावर न जाता कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः विचारावं.

आणखी एक. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की कॉलेजनं मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळेल, याचंही वेळापत्रक त्यात आहे. जितका उशीर तितकी रक्कम कमी. हे माहीत असलेला पालक टेबलापुढं उगाच वाकत नाही.

दुसरा खड्डा : पैशाचा महिना

नोकरदाराच्या घरी पगार एक तारखेला होतो. आपल्या भागात पैसा पिकाच्या पावलानं येतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर तुटायला सव्वा-दीड वर्ष जातं. गाळप सुरू होतं दिवाळीच्या आसपास. कायद्यानं ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे पैसे द्यायचे असतात. ते अगदी वेळेवर आले, तरी हिवाळ्यात येणार. आणि कॉलेजची फी, रूमचं डिपॉझिट, मेसचा अॅडव्हान्स हे सगळं मागितलं जातं जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे बियाणं-खतानं खिसा रिकामा झालेला असतो नेमका तेव्हा.

ही गाठ आधीच ओळखली तर सावकाराकडं जायची वेळ येत नाही. कॉलेजात फीचे हप्ते पाडून मागता येतात. त्यासाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज करायचा असतो, तोंडी विनवणी नाही. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर बँकेनं तारण मागू नये, असा नियम आहे. महिन्याचा खर्च मात्र उसावर ठेवू नये, दुधावर ठेवावा. डेअरीचा दहा दिवसांचा पगार हा घरातला सर्वांत नियमित पैसा. त्यातली ठरलेली रक्कम पोराच्या खात्यावर गेली, तर त्याला दर वेळी हात पसरावा लागत नाही. हात पसरायची लाज वाटली की मुलं पुस्तकं घेत नाहीत, प्रॅक्टिकलचं साहित्य घेत नाहीत, शेवटी मेसही बंद करतात. आणि घरी सांगत नाहीत.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी एसटीचा मासिक पास आहे. विद्यार्थ्याला भाड्यात दोन तृतीयांश सवलत मिळते. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. पुढं कॉलेजला गेल्यावर तो बंद होतो, हे बऱ्याच घरांना जूनमध्येच कळतं.

तिसरा खड्डा : पहिला निकाल

शाळेत वर्षाला एक मोठी परीक्षा. कॉलेजात सहा महिन्यांची सत्रं, प्रत्येक सत्रात अंतर्गत परीक्षा, सबमिशन, प्रॅक्टिकल, तोंडी आणि शेवटी विद्यापीठाचा पेपर. नव्या शैक्षणिक धोरणानं क्रेडिट आलं. सत्रभरात साधारण पंधरा तासांच्या शिकवणीमागं एक क्रेडिट; वर्षाला चाळीसच्या आसपास क्रेडिट जमवायचे. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीनला पदवी, चारला ऑनर्स असे टप्पे आहेत. हजेरी सर्वसाधारणपणे पंच्याहत्तर टक्के लागते. म्हणून ‘आठ दिवस ये, टोळी आली आहे’ असं म्हणून मुलाला ऊसतोडीला घरी बोलावताना त्याच्या हजेरीचा हिशेब एकदा विचारावा.

पहिल्या सत्राचा निकाल लागतो आणि फोनवर ऐकू येतं : ‘एम-वन राहिला.’ म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित. बारावीला ऐंशी टक्के मिळवलेला मुलगा हे पहिल्यांदाच म्हणत असतो. घराला वाटतं, वर्ष गेलं. तसं नसतं. एटीकेटी म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे विषय मागं ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची मुभा. मर्यादा अभ्यासक्रमाप्रमाणे वेगळी असते, ती ओलांडली तरच वर्ष मागं पडतं. मुलांच्या भाषेत ‘वायडी’ लागतो. निकालावर शंका असेल तर मुदतीत अर्ज करून उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि पुनर्मूल्यांकन मागता येतं.

या दिवशी घर काय बोलतं, याला फार महत्त्व आहे. ‘तुझ्यासाठी एवढा पैसा घातला’ हे वाक्य खरं असलं तरी त्या रात्री बोलू नये. पुढच्या वेळी मुलगा निकाल सांगणारच नाही, आणि लपवलेले दोन विषय वर्षभरात सहा होतात. त्याऐवजी तीनच प्रश्न विचारावेत : कुठले विषय राहिले? फॉर्म कधीपर्यंत भरायचा? कोणाकडून समजून घेणार आहेस?

इंग्रजीचीही एक वेगळी धास्ती असते. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुलं वर्गात प्रश्न विचारत नाहीत, कारण प्रश्न इंग्रजीत मांडता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही काढली आहेत. ती आधी वाचून मग इंग्रजी पुस्तक उघडलं, तर वाट पुष्कळ सोपी होते.

पाठवणी नव्हे

बाहेरच्या जगात या विषयाचा अभ्यास बराच झाला आहे. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मुलं कॉलेज अर्ध्यात का सोडतात याचा सिद्धांत मांडला. मुलगा कॉलेजच्या अभ्यासात आणि तिथल्या माणसांत मिसळला तर टिकतो, असा त्याचा गाभा. पुढं या मांडणीत त्यांनी मानववंशशास्त्रातली एक कल्पना आणली : जुन्या समूहापासून तुटणं, मधला काळ, आणि नव्या समूहात सामावणं. आपल्या भाषेत सांगायचं तर पाठवणी. त्यावर टीका झाली, की घरापासून तुटायला सांगणं हेच काही मुलांना घातक ठरतं. टिंटोंनीही पुढं बाहेरच्या आधाराचं, घराचं महत्त्व मान्य केलं.

आपणही नकळत पाठवणीच करतो. फी भरली, रूम लावून दिली, आता तो कॉलेजचा. मग वर्षभर एकच प्रश्न : ‘जेवलास का?’

२०१४ मध्ये अमेरिकेतल्याच निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या मुलांना तासभर वरच्या वर्गातल्या मुलांचे अनुभव ऐकवले. एका गटात वरच्या मुलांनी आपल्या घरची पार्श्वभूमी सांगितली : आईवडील शिकलेले नव्हते म्हणून काय अडलं, कोणाकडं मदत मागितली, काय उपयोगी पडलं. दुसऱ्या गटात घरचा उल्लेखच नव्हता. वर्षअखेरीस पहिल्या गटात, शिकलेल्या घरांतली मुलं आणि न शिकलेल्या घरांतली मुलं यांच्या गुणांतली दरी सुमारे ६३ टक्क्यांनी कमी भरली. कारणही कळलं : ही मुलं शिक्षकांकडं जाऊन मदत मागायला लागली होती.

वारकऱ्याला हे नव्यानं सांगावं लागत नाही. पहिल्यांदा निघालेला माणूस दिंडीत जुन्या वारकऱ्याच्या सोबतीनं चालतो. पाणी कुठं मिळेल, पायाला फोड कधी येतील, मुक्काम कुठं, हे त्याला ग्रंथातून नव्हे, बरोबरच्याकडून कळतं. मग आपल्या गावातला, शेजारच्या वस्तीवरचा, त्याच कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा किंवा मुलगी दिवाळीच्या सुट्टीत चहाला बोलवावी. पोराला आणि आईबापाला, तिघांनाही समोर बसवावं. ‘पहिल्या वर्षी तुझं काय चुकलं?’ एवढंच विचारावं. गावच्या ग्रामपंचायतीनं किंवा तरुण मंडळानं जूनमध्ये अशी एक संध्याकाळ ठेवली, तर दहा घरांचं काम एकदम होईल, आणि खर्च चहाचा.

फोनवर काय विचारायचं

बहुतेक कॉलेजांत वीस-पंचवीस मुलांमागं एक शिक्षक मार्गदर्शक म्हणून नेमलेले असतात. मुलं त्यांना ‘मेंटॉर सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात. त्यांचं नाव आणि फोन नंबर पहिल्या महिन्यात घरी लिहून ठेवावा, आणि पालक मेळाव्याला जावं. आपल्याला बोलता येणार नाही म्हणून न जाणारे पालक पुष्कळ. पण तिथं भाषण करायचं नसतं. ‘माझा पोरगा बोलत नाही, जरा लक्ष ठेवा’ एवढं सांगितलं तरी काम होतं.

फोनवर रोज ‘अभ्यास केला का?’ विचारलं, की रोज ‘हो’ असंच उत्तर येतं. त्यातून काही कळत नाही. ‘आज कोणाबरोबर जेवलास?’, ‘कुठल्या सरांचं समजतं, कुठल्या सरांचं नाही?’, ‘लायब्ररीचं कार्ड मिळालं का?’ हे प्रश्न विचारून बघा. दोन महिन्यांनंतरही मुलाला वर्गातल्या दोघांची नावं सांगता येत नसतील, तर तो एकटा आहे. दर शनिवारी घरी येत असेल आणि सोमवारची गाडी चुकवत असेल, तर कारण गावाची ओढ एवढंच नाही.

प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थ्याबरोबर पालकाचीही सही घेतली जाते. प्रतिज्ञापत्र न वाचताच आपण ती करतो. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे, आणि देशभरासाठी १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची मदतवाहिनी आहे. मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तिथं मराठीत बोलता येतं आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. हे दोन्ही नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

मुलीचं वेगळं गणित

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडसर असतो, तो घरातलाच. प्रॅक्टिकल पाच वाजेपर्यंत चाललं की सहाची गाडी गाठायची, घरी येईतो अंधार, आणि आल्या आल्या चुलीपुढं. मुलगा कॉलेजातून आला की त्याच्या पुढ्यात चहा येतो; मुलगी आली की तिच्या पुढ्यात पीठ. परीक्षेच्या आधीचा महिना तरी तिला घरकामातून सोडावं. आणि दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात स्थळं बघायला लागण्याआधी एवढं लक्षात घ्यावं, की नव्या पद्धतीत क्रेडिट जमा राहतात खरे, पण लग्नानंतर परत कॉलेजात येणं कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं सासरी सोपं नसतं. सरकारनं तिची फी माफ केली. वेळ मात्र घरानंच द्यायचा आहे.

तेव्हा यंदा जूनमध्ये ज्यांच्या घरातलं पहिलं लेकरू कॉलेजला निघालं आहे, त्यांनी एवढंच करावं. दाखल्यांची फाईल आपल्या हातात ठेवावी. दुधाच्या पगारातला त्याचा वाटा ठरवावा. मार्गदर्शक सरांचं नाव लिहून घ्यावं. गावातल्या एका सिनिअरला चहाला बोलवावं. आणि पहिला निकाल लागेल त्या संध्याकाळी पोराचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय तोंड उघडू नये. यातल्या एकाही कामासाठी पदवी लागत नाही.